टेम्पोतून गेलेले अकरा किलोमीटर

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

आम्ही साताऱ्यातले दहा जण. पहाटे यवतेश्वरचा घाट पळणारे, हिल मॅरेथॉन केलेले. यंदा जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यापासून जतपर्यंत रिले पळालो. चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड, विटा, जत, असं सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, रात्रंदिवस न थांबता. जत तालुक्यातल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या वसतिगृहासाठी पैसे उभे करायचे होते. लोकांनी किलोमीटरमागं पाच रुपये, दहा रुपये असा शब्द दिला होता.

कुंभार्ली चढून आल्यावर कोयनानगरच्या आसपास आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, अठ्ठावन्न वर्षांचे काका, गडबडले. डोकं दुखतंय म्हणाले, उलट्या झाल्या, मग आपण कुठं आहोत तेच त्यांना कळेना. आम्ही पाणी पाजत राहिलो. पाटणच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की पाणी जास्त झालंय, सोडियम उतरलंय. ते आता बरे आहेत. त्या गोंधळात रात्री कराडला आमचा सगळ्यात धाकटा पोरगा हायवेला चुकला. कृष्णा पुलाकडं यायचं सोडून कोल्हापूरच्या बाजूला मलकापूरच्या पुढं गेला. मोबाइल बंद. दीड तासानं सापडला. ओगलेवाडीच्या पुढं उसाची ट्रॉली आमच्यातल्या एकीला घासून गेली, खरचटण्यावर निभावलं.

वसतिगृहातली मुलं सकाळपासून ताटकळली होती. म्हणून जतच्या अलीकडचे अकरा किलोमीटर आम्ही सगळे सोबतच्या छोट्या हत्तीत, म्हणजे मालवाहू टेम्पोत, बसून गेलो आणि वेशीवर उतरून पळत आत शिरलो. फोटो त्या शेवटच्या टप्प्याचे आहेत. ग्रुपवर ‘संपूर्ण अंतर पूर्ण’ असं गेलं. पैसे सगळे आले, माझ्याच खात्यात. आता निम्मे म्हणतात, कुणाला सांगायची गरज नाही, मुलांसाठीच तर केलं. उशिराचं खापर धाकट्यावर फुटलं आणि तो ग्रुप सोडून गेला. टेम्पोवाला एकटा होता, त्यानं मात्र शेवटपर्यंत साथ दिली. मी काय करू? पुढच्या वर्षी हे करावं का?

– रिलेची कॅप्टन, शाहूपुरी, सातारा

उत्तर

ताई,

देणगीदारांना सांगा. बाकी सगळ्याचा विचार त्यानंतर. संघाची बैठक होईल, सगळ्यांचं एकमत होईल, मग सांगू, असं ठरवलंत तर ते सांगणं कधीच होणार नाही.

आकडा बघा. ज्यानं किलोमीटरमागं दहा रुपयांचा शब्द दिला, त्याचे एकशे दहा रुपये न पळालेल्या अंतराचे आहेत. तेवढ्यासाठी कुणी पैसे परत मागेल असं मला वाटत नाही. पण लोकांनी पैसे दिले ते तुमच्या शब्दावर, आणि त्या शब्दाच्या मागं वसतिगृहाचं नाव आहे. आज ना उद्या ही गोष्ट बाहेर येणार. दहा माणसं, एक चालक आणि जतच्या रस्त्यावर टेम्पो बघितलेली माणसं, एवढ्यांच्या तोंडून ती कधीतरी निघेलच. तेव्हा बोट तुमच्याकडं तर जाईलच, पण ‘त्या वसतिगृहाच्या पैशात काहीतरी झालं होतं म्हणे’ असंही बोललं जाईल. ती मुलं त्यात कुठंच नव्हती, आणि पुढच्या वर्षी देणगी आटली तर सोसावं लागेल त्यांनाच. ‘मुलांसाठीच केलं’ म्हणणाऱ्या तुमच्या सोबत्यांना एवढं समजावून सांगा. त्यांचा हेतू वाईट नाही, त्यांना फक्त लाज वाटतेय.

निरोप लांबवू नका. तुमच्या नावानं, ज्या ग्रुपवर ‘पूर्ण’ असं गेलं त्याच ग्रुपवर, एवढंच लिहा: ‘आमचा एक सोबती आजारी पडला, एक जण रात्री चुकला, उशीर झाला. मुलं वाट बघत होती म्हणून जतच्या अलीकडचे अकरा किलोमीटर आम्ही गाडीतून गेलो. हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्या अंतराचे पैसे ज्यांना परत हवेत त्यांनी कळवावं.’ कोण आजारी पडलं, कोण चुकलं, याची नावं घालू नका. आणि ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ असलं वाक्य चुकूनही नको. ते वाचल्यावर सरळ माणसालाही संशय येतो.

त्याच निरोपात आणखी एक वाक्य घालता आलं तर बघा: राहिलेले अकरा किलोमीटर अमुक रविवारी आम्ही पळणार आहोत. सातारा ते जत दिवसभरात जाऊन येण्यासारखं आहे. मुलांना आधी कळवा, म्हणजे ती पुन्हा ताटकळायची नाहीत. शेवटचा एखादा किलोमीटर त्यांनाही तुमच्याबरोबर पळू द्या. काकांनी पळायचं की नाही ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. ते गाडीत बसले तरी चालेल.

पैशांचंही आजच मार्गी लावा. ते तुमच्या खात्यात पडून आहेत ही मला अकरा किलोमीटरइतकीच टोचणारी गोष्ट वाटते. तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, पण कागदावर ते तुमचेच पैसे दिसतात. कुणी किती दिले त्याची यादी करा, रक्कम संस्थेच्या खात्यात भरा आणि यादी व बँकेची नोंद दोन्ही ग्रुपवर टाका. देणगीवरची आयकराची सवलत हवी असेल तर संस्थेची पावती देणाऱ्याच्या नावानं असावी लागते, आणि रोख दिलेल्या दोन हजारांवरच्या रकमेला ती सवलत मिळत नाही. पुढच्या वेळी क्यूआर कोड संस्थेचाच छापा, तुमच्या खात्याचा मध्ये संबंधच नको. लोकांकडून स्वतः वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळं 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 क खाली घेतात तीच. नोंदणीकृत संस्थाच थेट पैसे घेत असेल तर तुमच्या डोक्यावरचं हे ओझं उतरतं.

आता काकांकडं येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त भीती ज्याची वाटली ते हे. तुम्ही ट्रॉलीचं लिहिलंय, पण त्या दिवशी जिवावरचा प्रसंग मुळात कोयनानगरला होता.

आपल्याकडं पळणारा माणूस गळाला की बाटली पुढं होते. ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणून चारी बाजूंनी आग्रह. बहुतेक वेळा त्यानं बिघडत नाही. पण बरेच तास घाम गाळलेला माणूस तहान नसताना साधं पाणी पीत राहिला, तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं फुगतात, अंगठी घट्ट होते आणि मग माणूस असंबद्ध बोलायला लागतो. पुढं झटके येऊ शकतात, माणूस दगावूही शकतो. लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात म्हणून लोक आणखी पाणी पाजतात. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा त्यातल्या 13 टक्क्यांचं सोडियम सामान्य पातळीखाली होतं. थंड हवेत, सावकाश आणि जास्त वेळ पळणाऱ्याला हा धोका अधिक. जानेवारीतली कोयनेकाठची हवा आणि कुंभार्लीच्या चढावर हळू पडलेली पावलं, काकांच्या बाबतीत दोन्ही जुळून आलं.

म्हणून पुढच्या वेळी एकच नियम: तहान लागली की प्यायचं, घड्याळ बघून किंवा कुणाच्या आग्रहानं नाही. सोबत मिठाचं काहीतरी असू दे. लिंबू-मीठ, खारे शेंगदाणे, ओआरएस. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती अर्ध्या बाटलीत कालवू नका आणि दोन लिटरमध्ये ताणूही नका. आणि कुणी भ्रमात बोलायला लागलं तर पाणी, ओआरएस, सगळं थांबवून सरळ दवाखाना गाठा. 108 ला फोन करताना ‘बरेच तास पळालाय, भरपूर पाणी प्यायलाय’ हे आवर्जून सांगा. डॉक्टरांना त्या एका वाक्याची फार मदत होते. काकांना पाटणला नेलंत, वेळ दवडला नाहीत, हे तुम्ही नीट केलंत. त्याबद्दल स्वतःला दोष देत बसू नका.

धाकट्या पोराचं मात्र मनाला लागलं. रात्रीची वेळ, कराडच्या बाहेर हायवेचं जंजाळ, पुलाखालून की वरून, सर्व्हिस रोड कुठला, दिवसा गाडी चालवणारेही तिथं गोंधळतात. तिथं एका पोराला एकट्यानं, बंद पडत आलेल्या मोबाइलवर सोडलं आणि तो चुकला तर चुकला कोण? वळणावर उभं राहणारं माणूस नव्हतं. ते का नव्हतं, तर उरलेले सगळे काकांच्या मागं धावत होते किंवा टेम्पोत झोपले होते. यात कुणी निष्काळजी नव्हतं, पण त्याची शिक्षा एकट्या त्या पोराला झाली. दीड तास अंधारात, रस्ता चुकल्याचं कळल्यावर, सोबत्यांना काय तोंड दाखवू म्हणत तो कसा पळाला असेल याचा विचार करा. त्याच्या घरी जा. ग्रुपवर परत घेतल्याचा निरोप पाठवू नका, घरीच जा. तुम्ही कॅप्टन आहात, तुम्ही म्हणायला हवं की चौकात माणूस उभं करणं हे माझं काम होतं. त्याच्या आईवडिलांसमोर म्हणालात तर आणखी चांगलं. घरात त्याला काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते आपल्याला माहीत नाही.

मला तुमच्या सगळ्या अपघातांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. दहाच्या दहा जण पळणारे होते. न पळणारं कुणीच नव्हतं.

तुम्ही साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळता. तिथं वाहतूक थांबवलेली असते, ठरावीक अंतरावर पाणी असतं, डॉक्टर असतात, वळणावर शिट्टी घेतलेला स्वयंसेवक असतो. आपण फक्त पळायचं. ती सवय घेऊन तुम्ही उघड्या रस्त्यावर आलात आणि ती सगळी कामं दमलेल्या पायांच्या माणसांवर पडली. पहाटे तीनला वीस किलोमीटर पळून आलेल्या माणसाला पुढचा चौक आठवत नाही. त्याला फक्त गोधडी दिसते.

खरं तर असं पळणं आपल्याकडं नवीन नाही. शिवजयंतीला प्रतापगडावरून, पन्हाळ्यावरून, अजिंक्यताऱ्यावरून गावोगावची पोरं शिवज्योत आणतात, नवरात्रात तुळजापुराहून ज्योत येते. जुन्या, मुरलेल्या मंडळांची पद्धत बघा. एक माणूस फार पळत नाही. थोडं अंतर, लगेच दुसऱ्याच्या हातात ज्योत, पहिला गाडीत. ज्योत विझू द्यायची नाही म्हणून कुणाला दमून बसेपर्यंत ताणतच नाहीत. आणि गाडीत पुढं मंडळाचा एक जाणता माणूस असतो. तो एक पाऊलही पळत नाही. कुणाला उतरवायचं, कुणाला बसवायचं, कुठं थांबायचं हे त्याचं. त्याच्या शब्दापुढं कुणी जात नाही. त्या पळण्यातही अपघात होतात, रात्रीच्या हायवेवर पोरं गेलीत, ते दुःख आपल्या भागाला माहीत आहे. पण ‘न पळणारा जाणता’ ही गोष्ट तुम्ही त्यांच्याकडून घ्याच.

तुमच्यासाठी असे दोघं शोधा. एक गाडीत, एक दुचाकीवर. निवृत्त शिक्षक, कुणाची मोठी बहीण, पूर्वी पळणारा पण आता गुडघे गेलेला मित्र, कुणीही चालेल. त्यांच्याकडं वही असू दे: कोण कधी उतरला, किती पळाला, काय खाल्लं, काय प्यायला, कसा दिसतोय. आणि एक अधिकार त्यांना आधीच सगळ्यांसमोर द्या, थांबवण्याचा. त्यांनी ‘आता गाडीत बस’ म्हटलं की बसायचं, वाद नाही. हा अधिकार कॅप्टननं स्वतःकडं ठेवू नये. तुम्ही स्वतः पळता, तुम्हाला अंतर पूर्ण करायचंय, तुमचं मन त्या क्षणी मोकळं नसतं. जतच्या अलीकडं असं कुणी सोबत असतं तर त्यानं वसतिगृहाला फोन करून सांगितलं असतं की चार तास उशीर होईल, मुलांना जेवू घाला. मग टेम्पोत बसायची वेळच आली नसती.

प्रत्येक पळणाऱ्याच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी असावी: नाव, रक्तगट, तीन फोन नंबर, पुढचा बदलीचा थांबा आणि मधलं प्रत्येक वळण कुठल्या खुणेशी आहे ते. घाटात रेंज जाते, बॅटरी संपते, कागद टिकतो. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा. कराडसारख्या ठिकाणी मात्र चिठ्ठीवर विसंबू नका, तिथं पळणाऱ्याच्या बरोबर दुचाकी हवीच.

आणि रात्री पळू नका. मी हे आग्रहानं सांगते. जानेवारी म्हणजे गळिताचा भर हंगाम. कराडपासून पुढं रात्रभर ऊस चाललेला असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबणारा. चालक बिचारा कित्येक तास जागा. तुमच्या सोबतिणीला जो घासून गेला त्याला ती दिसलीही नसेल. चमकणारी जाकिटं, डोक्यावरचा दिवा, पाठीवर लुकलुकणारा लाल दिवा, वाहनांकडं तोंड करून उजव्या कडेनं पळणं, हे सगळं पहाटेच्या धूसर उजेडासाठीही लागेलच. पण त्यानं रात्र सुरक्षित होत नाही. आणि ज्या मुलांसाठी तुम्ही पळालात, त्यांचे आईबापही त्याच उसाच्या फडात आणि तशाच ट्रॉल्यांवर असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

देणगी न थांबण्यासाठी मिळालेली नाही, अंतरासाठी मिळालीय. चार दिवस घ्या. पहिला मुक्काम घाटाच्या पायथ्याशी पोफळीकडं, म्हणजे कुंभार्ली सकाळच्या ताज्या पायांनी चढाल. दुसरा पाटण-मल्हारपेठच्या बाजूला, तिसरा विट्याच्या पुढं. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर दहा जणांत म्हणजे माणशी सात-आठ. रोज यवतेश्वर चढणाऱ्यांना ते जड नाही. शाळा, मंगल कार्यालय, देवळाची ओवरी, झोपायला जागा मिळते, आणि संध्याकाळी गावात बसून वसतिगृहाबद्दल चार माणसांशी बोलता येतं. मध्यरात्री गाव ओलांडून गेलात तर तुम्ही कशासाठी पळताय ते कुणाला कळणार? सुट्टीची अडचण असेल तर 26 जानेवारीला शनिवार-रविवार जोडून बघा, नाहीतर दोन शनिवार-रविवारांत विभागून पळा. वाटेतल्या पोलीस ठाण्यांना आधी लेखी कळवा.

तेव्हा पुढच्या वर्षी करावं का, याचं माझं उत्तर हो असं आहे. या दोन अटींवर: न पळणारी दोन माणसं मिळाली तर, आणि रात्र सोडली तर. दोन्हींतली एक जरी जमली नाही तर त्या वर्षी यवतेश्वरच्या रस्त्यावरच सगळ्यांनी मिळून तितकं अंतर भरा आणि पैसे जतला पाठवा. मुलांना फरक पडत नाही.

एक गोष्ट राहिली. टेम्पोवाल्यावर तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, कौतुकाचं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. पावणेतीनशे किलोमीटर न थांबता, म्हणजे तीस तासांच्या पुढं गेलं असणार, आणि तो एकटा. दहा जण आळीपाळीनं झोपले, त्याला बदली नव्हती. काकांना पाटणला त्यानंच नेलं, चुकलेल्या पोराला शोधायला तोच हिंडला असेल आणि शेवटी दहाही जणांना मालवाहू गाडीच्या हौद्यात बसवून जतपर्यंत नेलं. मोटार वाहतूक कामगारांच्या 1961 च्या कायद्यात चालकाला दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं धरलं होतं. तुमच्या साऱ्या अपघातांत न झालेला, पण सहज होऊ शकला असता असा अपघात म्हणजे त्याचा डोळा लागणं. शिवाय मालवाहू गाडीत माणसं बसवायला परवानगी नसते. काही झालं असतं तर विम्याचं काय, आणि पोलिसांनी पहिल्यांदा कुणाला धरलं असतं? त्यालाच.

पुढच्या वेळी प्रवासी परवान्याची गाडी घ्या, क्रूझर किंवा मिनीबस, आणि तिच्यावर दोन चालक. खर्च वाढेल. तो देणगीतून न काढता दहा जणांनी खिशातून भरा, आणि तसं लोकांना आधीच सांगा. यंदाच्या चालकाला भाडं ठरल्याप्रमाणं दिलं असेलच. त्या रात्रीच्या जागरणाचे पैसे वेगळे द्या. संघाच्या बैठकीला त्यालाही बोलवा, पहिल्यांदा त्यालाच बोलू द्या. कुठल्या किलोमीटरला काय झालं हे तुम्हा दहा जणांपेक्षा त्याला जास्त माहीत आहे.